अभिजितच्या शेजारची जोडी

जांबोटी, ता. खानापूर
दिवाळीचा पाडवा, रात्री

प्रिय बाळ्या,

"अजून माळ्यावर झोपून चांदण्या मोजतोस काय रे?" असं परवा फोनवर विचारलंस. मोजतोय की. रानडुकरांपासून भात राखायचं तर जागरण आलंच, पण सध्या एकाच चांदणीच्या मागे लागलोय.

वायव्येला अभिजित दिसला की त्याच्या डाव्या अंगाला चार तारकांचा लहानसा चौकोन आहे. अभिजितपासून लांबच्या टोकाला दोन तारे, ग्रीक अक्षरांवरून नावं पडलेले, बीटा आणि गॅमा. गॅमा आहे तसाच राहतो. बीटा कधी त्याच्या बरोबरीचा, कधी निम्म्याहून मंद. १७८४ साली हे हेरलं जॉन गुडरिकनं, जेमतेम वीस वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या पोरानं. बेळगावच्या आपल्या हॉस्टेलात त्या वयात आपण काय करत होतो, ते लिहायला नको.

हा बीटा म्हणजे खरं तर दोन तारे. १२.९४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि आळीपाळीनं आड येतात. इतके जवळ, की एकाचं द्रव्य दुसऱ्याकडे वाहतंय. आपल्या वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून खालच्यात उतरतं, तसं. देणारा आता वस्तुमानानं सूर्याच्या तिप्पट उरलाय, घेणारा तेरापट झालाय आणि भोवती फिरणाऱ्या त्या द्रव्याच्या जाड तबकडीत दडलाय. या देवघेवीनं फेरीचा काळही दरवर्षी १९ सेकंदांनी लांबतोय.

आता खरी गंमत ऐक. या चढउताराखाली आणखी एक संथ चढउतार आहे, सुमारे २८२ दिवसांचा. अशा दुहेरी तालाच्या जोड्यांचा गटच चिलीतल्या रोनाल्ड मेनिकेंट यांनी २००३ साली दाखवून दिला. कारणावर अजून एकमत नाही. एक तर्क असा, की देणाऱ्या ताऱ्याचं चुंबकत्व सूर्यासारखं चक्रानं कमीजास्त होतं आणि बांधाचं तोंड त्याप्रमाणे मोठं-लहान होतं. मला तो पटतो, शेतकरी म्हणून.

हा संथ ताल नुसत्या डोळ्याला कळायचा नाही, हे ठाऊक आहे. तरी तेरा दिवसांची लय वहीत उतरली पाहिजे, हा माझा हट्ट. अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर हा तारा रात्री आभाळात उंच चढतो आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे आभाळ गळत असतं. मस्कतात तुला कसला पाऊस! तेवढे चार महिने तू सांभाळ. रोज गच्चीवर जायचं, गॅमाशी ताडून पाहायचं, तारीख-वेळ टाकून एक ओळ लिहायची. वही कुंद्याच्या डब्याबरोबर पाठवतोय. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नान्या