कल्चर डॉक्युमेंटमध्ये काय लिहू, असं विचारलंस म्हणून

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. फोनवर म्हणालीस की लवकरच पन्नास जण होतील आणि इन्व्हेस्टर मागे लागलेत की कंपनीची मूल्यं एकदा लिहून काढा. कोणते शब्द टाकू असं विचारलंस तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय, लांबेल जरा, सवडीने वाच.

शब्द कुठलेही टाक गं. एन्रॉन म्हणून अमेरिकेतली वीज-गॅसच्या व्यापारातली मोठी कंपनी होती, तिची मूल्यं होती आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. आत हिशेबाची लपवाछपवी चालू होती आणि डिसेंबर 2001 मध्ये दिवाळं वाजलं. त्यामुळे पोस्टरवर डोकं शिणवू नकोस, डिझायनर करेल ते. मी आयुष्यभर क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काढलं, तेव्हा मी तुला एकच विचारणार, की तुझ्या कंपनीत वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती वेळात पोचते?

आज पोचते, कारण सगळे एका खोलीत बसता, कोणाचा क्लायंट फोनवर चिडलाय ते आपोआप कानावर पडतं. पण दहा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात 45 आणि पन्नासांत होतात 1225, म्हणजे कानावर पडण्याची सोय संपली. मग मध्ये टीम लीड येतात, त्यांच्यावर मॅनेजर येतात, आणि प्रत्येक जण बातमीची धार थोडी थोडी कमी करत वर पाठवतो. खालचा मुलगा म्हणतो "मी चुकीची फाइल अपलोड केली, तीन तास कस्टमरना चुकीची बिलं जात होती", लीड लिहितो "बिलिंगमध्ये इश्यू आला होता, फिक्स केलाय", आणि तुझ्या सोमवारच्या रिपोर्टमध्ये बिलिंगसमोर हिरवा ठिपका. खोटं कोणीच बोललं नाही बघ.

आमच्या लाइनमध्ये फ्रीमाँटच्या कारखान्याचं उदाहरण नेहमी निघायचं. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा कारखाना, दांड्या, संप, गाड्यांचा दर्जा यथातथाच, म्हणून 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला, बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच, आणि थोड्याच वर्षांत तिथल्या गाड्या दर्जात नावाजल्या जायला लागल्या. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवरच्या कोणालाही काही बिघडलेलं दिसलं की वरची दोरी ओढायची मुभा असते, दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. पण दोरी काय, कोणीही बांधेल! खरी गोष्ट म्हणजे धावत आलेला लीडर पहिलं वाक्य काय बोलतो. "काय झालं, दाखव" म्हणाला तर उद्याही कोणीतरी दोरी ओढेल, "आत्ताच थांबवायची होती का?" म्हणाला तर ती नुसती लोंबकळत राहील. जनरल मोटर्सला आपल्या बाकीच्या कारखान्यांत हे सगळं रुजवताना चांगलंच जड गेलं.

आणि टार्गेट जपून लाव, कारण माणसं काय लपवणार ते तिथेच ठरतं. वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आपली आठ प्रॉडक्ट विकायचं डोक्यात घेतलं होतं, आणि त्या दबावाखाली लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा 18.5 कोटी डॉलर दंड बसला आणि साधारण 5300 जणांना काढून टाकलेलं होतं. एवढे सगळे लबाड एकाच बँकेत कसे जमले असतील गं? माझं मत विचारशील तर आकडा अशक्य आहे हे वर सांगायची सोयच नव्हती.

आता तो तुझा सेल्सवाला, ज्याचं तू कौतुक करतेस. धंदा आणतो, मान्य. पण भर मीटिंगमध्ये सपोर्टच्या मुलीने "हे फीचर अजून तयार नाही, कस्टमरला सांगायला नको होतं" म्हटल्यावर तो तिच्यावर खेकसला आणि तू विषय बदललास, हे तूच मला सांगितलंस. त्या क्षणी सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असणार. प्रमोशनच्या मेलचंही तसंच, कोण वर गेलं ते लोक बघतात आणि त्यावरून ठरवतात इथे कसं वागलं की चालतं. मूल्यांचा कागद कोण उघडून बघतंय.

कल्चर फिट, म्हणजे आपल्यात सहज मिसळेल का ते, बघून माणसं घेते म्हणालीस, त्यात एवढंच सांभाळ की सगळे तुझ्याच साच्यातले गोळा होऊ नयेत, तोंडावर नाही म्हणणारे एकदोन हवेतच.

आणि बातमी वरून खालीही जाऊ दे. 1970 मध्ये ऑर्डरी आटल्या तेव्हा ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने दहा टक्के माणसं कमी करण्याऐवजी वरपासून खालपर्यंत पगार दहा टक्के कमी केला आणि एकाआड एक शुक्रवार सुट्टी दिली. प्रत्येक कंपनीला हे जमेलच असं नाही, कधीकधी माणसं कमी करावीच लागतात. पण तुझ्याकडे पैसे किती महिने पुरतील हे लोकांना दुसरीकडून कळलं तर मग ते तुलाही काही सांगणार नाहीत.

तेव्हा डॉक्युमेंट थोडं थांबू दे. आधी त्या सपोर्टच्या मुलीशी बोल, बाकीच्यांच्या समोर बोललीस तर जास्त बरं, आणि सेल्सवाल्याला लीड करायचं ठरवलंयस ते पत्र अजून पाठवलं नसशील तर त्याच्या हाताखालच्या ज्युनियर पोरांशी एकेकट्याने बोलून घे. ती काहीच बोलली नाहीत तर पत्र पाठवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतायत, टार्गेटची शीट मला दाखव. दाखव खरंच, आकड्यांत ते माझ्यापेक्षा खडूस आहेत.