3 कोटींची स्कॉलरशिप, पण घरातून किती?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती, सीमाभागातल्या एका मुलाला अमेरिकेच्या कॉलेजची 3 कोटींची स्कॉलरशिप, हार घातलेला फोटो, आईबाबा कुंदा भरवताहेत वगैरे. पोराचं अगदी मनापासून अभिनंदन, त्यानं केलंय ते सोपं नाही हे मला चांगलं माहीत आहे. पण त्या दिवशी दुपारपर्यंत मला चार फोन आले, कारण आमच्या पोरीनं दोन वर्षांपूर्वी हाच उद्योग केला होता हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, आणि चौघांचाही प्रश्न फिरून एकच की ते 3 कोटी कुणाच्या खात्यावर जमा होतात. एक जण तर येळ्ळूरकडची जमीन काढायच्या गोष्टी करायला लागला, विमानाचं आणि पहिल्या वर्षाचं निघालं की पुढचं स्कॉलरशिपमध्ये भागतंय म्हणून. तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

3 कोटी कसे होतात ते बघा. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही तिकडची नावाजलेली लिबरल आर्ट्स कॉलेजं (म्हणजे सायन्स, इतिहास, भाषा असे विषय मिसळून शिकवणारी), विल्यम्स तर 1793 पासूनचं, पोरं फक्त दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या इथल्या एखाद्या मोठ्या हायस्कूलएवढी. फी, राहणं, जेवण, बाकी खर्च धरून आम्ही बघितलं तेव्हा वर्षाला 85 ते 90 हजार डॉलर. हिशोबाला डॉलर 85 रुपये धरा, वर्षाचे 75 लाख झाले, चार वर्षांचे 3 कोटी. म्हणजे तो आकडा बिलाचा आहे हो! कॉलेज म्हणतं बिल एवढं, तुमची ऐपत एवढी, मधलं आम्ही माफ करतो. आणि ही कॉलेजं मार्कांवर स्कॉलरशिप देतच नाहीत, घरची परिस्थिती बघून देतात. विल्यम्सनं 2022 पासून तर मदतीतलं कर्जही काढून टाकलंय, जे देतात ते परत मागत नाहीत. खरंच मोठी गोष्ट आहे ही, पण बातमीत पाहिजे होता तो आकडा म्हणजे बापाला वर्षाला किती भरायचे आहेत, आणि तोच नव्हता.

आता आम्ही कशाला पडलो यात. पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स, पण तिला गणित पण पाहिजे आणि इतिहास पण पाहिजे, आणि इथं तसं बोललं की लोक तोंडाकडे बघतात. आपल्याकडे कर्नाटकात 2021 ला चार वर्षांची डिग्री आली, विषय मिसळून घेता येतील म्हणाले, 2024 ला सरकारनं परत तीन वर्षांवर आणली, पोरांनी समजायचं तरी काय. तिनं कुठंतरी वाचलं की विल्यम्सला ट्युटोरियल म्हणून प्रकार असतो, दोन पोरं आणि एक प्राध्यापक, एका आठवड्याला एकानं निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्यानं तो फाडायचा, पुढच्या आठवड्याला उलट. झालं, पोरगी तिथंच अडकली. मलाही सांगायला लाज नाही, आमच्या वेळी वर्गात ऐंशी-नव्वद पोरं, सरांना माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

अर्जाचं तर विचारूच नका. नववीपासूनची मार्क्स कार्डं इंग्लिशमध्ये पाहिजेत, आमची मराठीत. कॉलेजनं मुलीबद्दल सविस्तर पत्र लिहायचं असतं, क्लार्क म्हणाला बोनाफाइड देऊ का. सरांनी बिचाऱ्यांनी मनापासून लिहिलं, ‘मुलगी हुशार, आज्ञाधारक व नियमित आहे’, दोन ओळी. तिकडं दोन पानं लागतात आणि आज्ञाधारक शब्दाला तिथं काही भाव नाही. पैशांसाठी वेगळा फॉर्म, सीएसएस प्रोफाइल, त्यात घर, जमीन सगळी किंमत लिहायची. आमची जमीन आजोबांच्या नावावर, आरटीसी उताऱ्यावर (म्हणजे इकडचा सातबारा) नावं अकरा, त्यातले तिघं वारलेले, वाटणी झालेली नाही आणि होईल असं वाटत पण नाही. रकान्यात लिहायचं काय? शेवटी वेगळं पत्र जोडून भाऊबंदकी म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये समजावलं, तिकडच्या बाईंनी उलट मेल करून तीन शंका विचारल्या, तीनही बरोबर होत्या.

आणि जे कुणी सांगत नाही ते हे. ही कॉलेजं शंभरातली जेमतेम आठ-दहा पोरं घेतात असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे, तुमच्या पोराचा नाही. बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास जागा अर्ली डिसिजनमध्येच भरतात, म्हणजे नोव्हेंबरात अर्ज करायचा आणि मिळालं तर जायचंच असा शब्द द्यायचा. विल्यम्सची तर तीनेक पोरांतलं एक कॉलेजच्या टीममध्ये खेळणारं असतं, आता आपल्या पोरी कबड्डीत कितीही तरबेज असू देत, तिथं रोइंग आणि स्क्वॉश चालतंय. वर परदेशी पोरानं पैसे मागितले तर बहुतेक कॉलेजं अर्ज वाचतानाच ते लक्षात घेतात, त्यांच्याकडे परदेशी पोरांसाठी ठरलेलीच थैली असते. परदेशी पोराचा पण पैसा न बघता निवडणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन आहेत. तिथल्या गरिबांचीही काही चैन नाही, राज चेट्टी या तिकडच्या अर्थतज्ज्ञानं आणि मंडळींनी 2017 ला आकडे काढले तर 38 कॉलेजांत सगळ्यात श्रीमंत 1 टक्का घरांतली पोरं खालच्या 60 टक्के घरांतल्या पोरांपेक्षा जास्त निघाली.

आमच्या पोरीनं नऊ अर्ज केले. सहा नकार, एक वेटलिस्ट, एक अ‍ॅडमिशन पण पैसे शून्य, आणि एका ठिकाणी अ‍ॅडमिशन आणि बरीचशी माफी. तुमच्या हिशोबानं तीसुद्धा अडीच कोटींच्या आसपासची स्कॉलरशिप, फोटो छापण्यासारखी. पण उरलेले वर्षाला 14 हजार डॉलर आमच्याकडून, म्हणजे जवळजवळ 12 लाख, चार वर्षं, वर विमान. उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, ऑर्डर असली तर ठीक. साडेसात लाखांवर कर्ज म्हटलं की बँक सहसा तारण मागते, आणि तारणाची कथा वर सांगितलीच आहे.

पुढं काय मिळतंय हेही पाहिलं. जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीच्या सेंटरनं 2020 ला हिशोब मांडला होता, लिबरल आर्ट्स कॉलेजातून शिकलेल्याला 40 वर्षांत 9 लाख 18 हजार डॉलर फायदा, इंजिनिअरिंगवाल्या कॉलेजांच्या बरोबरीनं. ऐकायला गोड आहे. पण त्याच हिशोबात पहिल्या 10 वर्षांत ही पोरं इतरांच्या मागं असतात. अमेरिकन पोराला चालतं ते. आमचा हप्ता काय चाळीस वर्षं थांबतोय होय? शिवाय परदेशी पोराला शिकून झाल्यावर तिथं कामाला 12 महिने, गणित-कॉम्प्युटरसारखा विषय असेल तर आणखी 24, म्हणजे इतिहास घेतला तर वर्षभरात गाशा गुंडाळायची तयारी ठेवायची.

रडारड झाली, दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही, पण नाही म्हणालो. आता बेंगळुरूला शिकते, अर्थशास्त्र, फी बरीच माफ आहे, इतिहासाचे पेपर पण घेतलेत. मी केलं ते बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही.

बाबासाहेब 1913 ला कोलंबियाला गेले तेव्हा सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षं, आणि परत येऊन बडोद्याची दहा वर्षं नोकरी करायची ही अट. शंभरावर वर्षं झाली तरी किती, किती दिवस आणि बदल्यात काय हे तिन्ही सांगता येतं. तुमच्या बातमीदारानं पुढच्या वेळी एवढंच विचारावं, आणि घरच्यांना सांगायचं नसेल तर मग ते 3 कोटी पण हेडिंगमध्ये घालू नयेत. टिळकवाडीत बोर्ड लावून बसलेले कन्सल्टंट हीच कात्रणं काचेवर चिकटवतात, आमच्याकडे एकानं नुसत्या अर्जांचे 2 लाख मागितले होते.

ज्यांना तो फॉर्म कसा भरायचा ते बघायचं असेल त्यांनी तुमच्या ऑफिसात नंबर ठेवावा, मी संध्याकाळी फोन करीन, भरलेली कॉपी आहे माझ्याकडे. नाव मात्र छापू नका, जमिनीची किंमत मी काय लिहिली ते आमच्या भाऊबंदांना अजून माहीत नाही.

आपला,
एक पालक, उद्यमबाग, बेळगाव