अपिलातला वयाचा रकाना

मा. संपादक,
स. न.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर मी अठ्ठावीस वर्षे टायपिंग करतो. आधी खडखडणारे यंत्र होते, आता लॅपटॉप आहे. वरची निळी ताडपत्री तेवढी तीच. मी वकील नाही. पण अपिलांचे मेमो, म्हणजे अपिलाचे अर्ज, इतके टाइप केलेत की 'अपीलदार, वय वर्षे अमुक, धंदा मजुरी' ही ओळ बोटे आपोआप लिहितात. पत्र त्या ओळीबद्दलच आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या एक बाई त्यांच्या वकिलांच्या ज्युनिअरबरोबर आल्या. मुलाला मोबाइल चोरीत खालच्या कोर्टाने एक वर्षाची शिक्षा दिलेली. सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस, त्यातले बावीस निकालाच्या नकला मिळवण्यात गेलेले. ज्युनिअरने वय विचारले. बाई म्हणाल्या, "आत्ता बारा तारखेला एकवीस पुरी झाली." ज्युनिअर मला म्हणाला, "काका, एकवीस घ्या." मी घेतले.

मग बाईंनी झेरॉक्ससाठी शाळा सोडल्याचा दाखला काढला. लॅमिनेशनच्या कडा सुटलेल्या, आत पाणी गेलेले, जन्मतारीख मात्र स्वच्छ. निकाल २९ जुलैचा. म्हणजे शिक्षा सुनावली त्या दिवशी पोरगा वीसच वर्षांचा होता! आणि निकालपत्रावर 'वय अंदाजे २२'. तो आकडा कुठून आला, हे नाक्यावर कोणालाही विचारा: पोलिसांनी दोषारोपपत्रात लिहिला, तिथून तो तसाच उतरत आला.

दोन आठवड्यांच्या या फरकाने काय होते? १९५८च्या परिविक्षा कायद्याचे (प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) कलम ६ सांगते की जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील दोषीला शक्यतो तुरुंगात धाडू नये. धाडायचेच असेल तर कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि कारणे लिहावीत. वय धरायचे ते खालच्या कोर्टाने शिक्षा दिली त्या दिवसाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिस्सर खटल्यात १९६२ सालीच ठरवले आहे. खाली हे राहून गेले, तर कलम ११ प्रमाणे अपिलाचे कोर्टही चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. पण अपील सुनावणीला येईपर्यंत पोरगा चोविसाचा, पंचविसाचा होतो, समोर दाढीमिशा आलेला तरुण उभा असतो, मेमोवरही एकवीस. मग कलम ६ कोणाला आठवणार?

दुसरी तारीख गुन्ह्याच्या दिवसाची. त्या दिवशी १८ पूर्ण नसतील, तर प्रकरण बाल न्याय कायद्याखाली जाते, आणि २०१५च्या कायद्यानुसार हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही काढता येतो. पुरावा म्हणून आधी बघतात तो शाळेचा किंवा दहावीचा दाखला. तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. वैद्यकीय चाचणी सर्वांत शेवटी. बाईंच्या पिशवीतला तो कागद इतका मोलाचा होता, आणि आला होता झेरॉक्ससाठी.

म्हणजे तरुण आरोपीच्या अपिलात वये दोन लागतात, आणि आपण छापतो तिसरेच, टाइप करण्याच्या दिवसाचे. चोरी करणाऱ्याला सोडा असे मी म्हणत नाही. माझाही मोबाइल कळवा स्टेशनात गेलेला आहे. पण मेमोच्या पहिल्या पानावर जन्मतारीख, गुन्ह्याच्या दिवशीचे वय आणि शिक्षेच्या दिवशीचे वय असे तीन रकाने टाकायला खर्च काय? वकील मंडळींनी हे उद्यापासून सुरू करावे. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी तर आधी करावे, कारण अशी पोरे बहुतेक त्यांच्याकडेच येतात.

त्या दिवशी मी ज्युनिअरला तारखा दाखवल्या. तो थोडा ओशाळला, आत जाऊन वकीलसाहेबांना विचारून आला आणि आम्ही पहिले पान पुन्हा काढले. मुलगा सध्या जामिनावर आहे, अपील प्रलंबित आहे. आधी टाइप केलेल्या मेमोंत असे किती एकवीस मी न विचारता घेतले असतील, ते मोजायला आता माझ्याकडे त्या फायली नाहीत.

— एक टंकलेखक, खारीगाव, कळवा
(नाव छापू नये ही विनंती)