हालेहून पत्र: नळी, चरबी आणि सव्वा लाख वर्षांपूर्वीचा हिवाळा

हाले, जर्मनी
रविवार, संध्याकाळ

ती. आबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तब्येत ठणठणीत आहे आणि आई, दोन्ही वेळा पोटभर जेवते. फोनवर चेहरा उतरलेला दिसला तो उजेडामुळे. इथे आता चारलाच अंधारतं.

इथे मी निअँडरथल माणसांनी, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या माणसांच्या जातीने, फोडलेली जनावरांची हाडं तपासते. ती हाताळून रोग होईल ही तुमची भीती काढून टाका. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या हाडांत सडायला काही उरलेलं नसतं. हातमोजे आम्ही घालतो ते आपल्या हाताचं तेल हाडाला लागू नये म्हणून.

आजीने विचारलं होतं, ही निअँडरथल माणसं जनावरासारखी कच्चं मांस ओरबाडून खायची का. नाही, आजी. हालेजवळ गाइझलटाल म्हणून खोरं आहे. तिथे कोळशाची खाण होती, आता मोठा तलाव आहे. 1985 मध्ये त्या खाणीत नॉयमार्क-नॉर्ड ही जागा सापडली. सव्वा लाख वर्षांपूर्वीही तिथे तळीच होती, भोवती दाट रान, आणि काठावर निअँडरथल माणसं. विस्तवाच्या खुणा सापडतात. जळलेले हेझलनट आणि ओकची फळंही सापडतात, म्हणजे नुसत्या मांसावर ती जगत नव्हती.

शिकार लाकडी भाल्याने करत. तिथल्या फॅलो जातीच्या हरणांच्या हाडांत भाल्याची भोकं आहेत, एकाच्या मानेच्या मणक्यात, दुसऱ्याच्या कमरेच्या हाडात. कमरेचं भोक सांगतं की भाला लांबून फेकलेला नव्हता, जवळ जाऊन खुपसला होता. दाट झाडीत फेकलेला भाला फांद्यांत अडकतो. म्हणून वाऱ्याची दिशा सांभाळत हरणाच्या अगदी जवळ जायचं, आणि तेही काही जणांनी मिळून, ठरवून. हत्तीसुद्धा मारत. सरळ सुळ्यांचे ते हत्ती खांद्याशी चार मीटर उंच, वजन 13 टनांपर्यंत. इथे 70 च्या वर हत्तींची हाडं मिळाली, बहुतेक मोठे नर. नर एकटा फिरतो, पाठीशी कळप नसतो. दहा टनांचा एक हत्ती सोलून कापायला 25 माणसांना तीन ते पाच दिवस लागत, आणि तेवढ्या माणसांना तो तीन महिने पुरे. पायाच्या तळव्यातली चरबीची गादीसुद्धा कापून काढलेली दिसते.

आता ज्या रीतीने मला इथे आल्यापासून चक्रावून टाकलंय ती सांगते. आबा, तुम्हाला रश्श्यातली नळी आवडते म्हणून सविस्तर लिहिते. या माणसांना मांसापेक्षा चरबीची ओढ जास्त होती. 60 किलोच्या माणसाच्या यकृताला दिवसाला साधारण 300 ग्रॅम प्रथिनांपलीकडे झेपत नाही. त्यातून मिळतात 1,200 कॅलरी, आणि थंडीत राबणाऱ्या अंगाला त्याच्या तिप्पट तरी लागतात. हिवाळा सरताना जनावरं वाळलेली असतात. नुसतं चरबी नसलेलं मांस खात राहिलं तर मळमळ, जुलाब, आणि पोट भरलेलं असूनही माणूस खंगून मरतो. अंगावरची चरबी संपली तरी हाडातली शेवटपर्यंत टिकते, आणि त्यातही खुराकडच्या हाडांतली सगळ्यात उशिरा जाते. आपण पाया शिजवतो, त्यात हीच चरबी उतरते.

नळी फोडायच्या आधी हाडावरचा पातळ पडदा गारगोटीच्या पात्याने खरवडायचा. तो राहिला तर घाव दबतो आणि चुरा पडद्याला चिकटून मगजात, म्हणजे नळीतल्या मऊ गाभ्यात, मिसळतो. मग हाड दगडावर ठेवून मधोमध एक-दोन घाव. ताजं हाड तिरकं, पीळ पडल्यासारखं तुटतं, आणि घाव पडला तिथे आतून टवका उडतो. वाळलेलं हाड आडवं तुटतं. हाड ताजं असताना फोडलं की नंतर मोडलं, हे आम्ही बरंचसं यावरूनच ओळखतो.

मगज काढला तरी हाडाची टोकं राहतात. ती आतून स्पंजासारखी असतात, चरबी बारीक भोकांत अडकलेली, आणि चोखून निघत नाही. म्हणून ती ठेचून बोटाच्या पेराएवढी करायची, पाण्यात घालून कित्येक तास तापवायची. चरबी वर येते, थंड झाली की थर काढून घ्यायचा. तुकडे मोठे राहिले तर सरपण जळतं आणि हाताला काही लागत नाही. मडकी नव्हती, पण कातड्यात किंवा भूर्जाच्या सालीत पाणी भरून विस्तवावर धरलं तर पाण्याच्या पातळीखाली ते जळत नाही. नॉयमार्क-नॉर्डच्या एका काठावर निदान 172 मोठ्या जनावरांची हाडं अशी फोडलेली सापडली: घोडे, हरणं, रानबैल. तुकडे लाखाच्या वर. इतकी हाडं एकाच जागी आणायची तर आधी ठरवावं लागतं, साठवून ठेवावं लागतं. त्यांना रानटी म्हणणाऱ्यांनी हा ढीग पाहावा असं मला फार वाटतं.

इथले लोक आजही डुकराची चरबी पावाला फासून, मीठ टाकून, काकडीच्या लोणच्याबरोबर खातात. मी चाखली. आई, तू विचारशील म्हणून आधीच सांगते, रोज खात नाही. रोज वरणभातच असतो.

आजीच्या मोतीबिंदूसाठी 35,000 पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. कमी पडले तर दादाकडून उसने घेऊ नका, मला सांगा. ऑपरेशनला मी हवी होते. दिवाळीला येते म्हटलं होतं तेही जमलं नाही, आणि ताईच्या साखरपुड्याची तिकिटं बघितली तर दर दुप्पट. त्या पैशात आजीचा दुसरा डोळा होतो म्हणून थांबले. ताईला मी वेगळं लिहिते, तिला तुम्ही काही बोलू नका.

कराडच्या स्थळाचं: मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. माझं काम मार्चअखेर संपतं, त्याआधी कुणाला शब्द देऊ नका. तोवर थांबायची त्यांची तयारी नसेल तर आबा, तुम्हीच नीट सांगून नकार कळवा. तुम्हाला अवघड जाईल हे कळतंय मला.

आजीच्या डोळ्यांत औषध वेळेवर घाला. पट्टी निघाली की लगेच फोन करा, रात्र असली तरी.

तुमची,
मनू