निरक्षर माणसाची स्मरणशक्ती मोजायची कशी?

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नवी भाषा शिकली की अल्झायमर टळतो, असा त्याचा सूर होता. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या संशोधनाचा त्यात एका वाक्यात उल्लेख होता आणि लगेच खाली मोबाइलवर भाषा शिकवणाऱ्या ॲपची माहिती. शेजारच्या चौकटीत घरच्या घरी स्मरणशक्ती तपासायचे दहा प्रश्न. त्या एका वाक्याबद्दल आणि त्या दहा प्रश्नांबद्दल मला लिहायचं आहे.

मी एसटीत वाहक होतो. निम्म्याहून जास्त नोकरी देगलूरहून निजामाबाद आणि बिदरकडे जाणाऱ्या गाड्यांवर झाली. हद्द ओलांडली की 'पुढं सरका'चं 'मुंदुकु जरगंडी' व्हायचं. त्यामुळे अल्लादी मॅडमनी हैदराबादेत काय पाहिलं ते मला ॲपवाल्या मजकुरापेक्षा लवकर कळलं. नातीनं मूळ निबंध काढून दिला आणि दोन दुपारी बसून मराठीत समजावलाही.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. त्यातले ३९१ जण एकाहून जास्त भाषा बोलणारे. एकच भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी ६१.१ व्या वर्षी झालेली, तर दोन किंवा अधिक भाषावाल्यांत ६५.६ व्या वर्षी. म्हणजे साडेचार वर्षांचा फरक. हा निबंध २०१३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. आजार टळला असं त्यात कुठेही नाही. सगळे ६४८ जण रुग्णच होते! मेंदूतली पडझड चालूच राहते, पण अंगात साठवलेल्या शिल्लकीवर माणूस आणखी काही वर्षं व्यवहार निभावतो, असा त्याचा अर्थ लावतात. दोनाच्या वर कितीही भाषा आल्या तरी जास्तीचा फायदा दिसला नाही, हेही त्यात आहे. माझ्या चारांपैकी दोन फुकट गेल्या म्हणायच्या.

असाच अभ्यास त्याआधी २००७ साली कॅनडात टोरांटोला झाला होता आणि फरकही साधारण चार वर्षांचाच निघाला होता. पण तिथले दोन भाषावाले बरेचसे बाहेरून येऊन स्थायिक झालेले. मग गुण भाषेचा की देश सोडून येण्याची हिंमत करणाऱ्या माणसाचा, ही शंका राहिली. हैदराबादेत ती अडचण नव्हती. तिथं घरात तेलुगू, गल्लीत दखनी, कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी हे कुणी मुद्दाम शिकायला जात नाही. बोलताना दुसरी भाषाही डोक्यात जागी असते, तिला दाबून समोरच्याला चालेल ती काढायची, हे काम मेंदू दिवसभर करतो. माझ्या गाडीत दर सीटला हेच चालायचं. रोज पंधरा मिनिटं मोबाइलवर फ्रेंच शब्दांच्या जोड्या जुळवणं आणि हे एकच का, ते त्या निबंधात तपासलेलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या २०१४ च्या अभ्यासात दोन भाषावाल्यांना असा फायदा आढळला नव्हता, हेही लेखात यायला हवं होतं. प्रश्न अजून मिटलेला नाही.

माझ्या लेखी त्या निबंधातली सगळ्यात मोठी ओळ वेगळीच आहे. हा फरक अजिबात शाळा न शिकलेल्या रुग्णांतही दिसला. ती नेमकी आपल्या लेखात नव्हती. आता मायबद्दल लिहितो.

तिचा जन्म आताच्या तेलंगणातल्या बोधनजवळच्या शक्करनगरचा. तिचे वडील तिथल्या निझामाच्या साखर कारखान्यात कामाला. १९५४ साली लग्न होऊन ती देगलूरला आली, तेव्हा माहेर आणि सासर एकाच हैदराबाद राज्यात होतं. दोन वर्षांनी मधून हद्द गेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. आठवडी बाजारात भाजी विकायची. आडत्याशी दखनी, तिकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी तेलुगू, आमच्याशी मराठी. वांग्याचं वंकाया आणि कांद्याचं उल्लिगड्डा एका दमात. हिशेब तोंडी, आणि उधारी कुणाची किती ते पोळ्यापर्यंत पाठ.

७८ व्या वर्षी तीच दोनदा पैसे मागू लागली. गल्लीत लोक म्हातारचळ म्हणाले. मी तिला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, वागायला चांगल्या. दोष त्यांचा नव्हता, हातातल्या कागदाचा होता. आज तारीख काय? मायला तारीख निरोगी असतानाही ठाऊक नसायची, ती तिथी सांगायची. तिनं 'पंचमी' म्हटलं. ती बरोबर होती, गुण शून्य. हे कोणतं राज्य? माय म्हणाली, "राज्य कुणाचं ते आता तुम्हीच सांगा, बाई. आमच्या डोळ्यांदेखत किती बदलले." शून्य. शंभरातून सात वजा करत जा. "सात काय? किलो का रुपये?" मग कागदावरचं वाक्य वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन काढा. उभ्या जन्मात पेन्सिल न धरलेल्या बाईपुढे पेन्सिल ठेवली, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. तीसपैकी नऊ गुण पडले. आजार होताच, मी नाकारत नाही. पण त्या नऊमध्ये आजार किती आणि न शिकलेली शाळा किती, ते कुणाला सांगता आलं असतं?

यावर उपाय नव्हता असंही नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदीत बेतलेली चाचणी १९९५ सालीच प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात सकाळ आहे की दुपार ते विचारतात. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावतात. 'डोळे मिटा' असं वाचायला देण्याऐवजी, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, असं म्हणून समोरचा स्वतः डोळे मिटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं पुढे चाचण्यांचा आणखी मोठा संच केला. त्या कामातही अल्लादी आहेत. शिकलेल्या आणि न शिकलेल्या, दोघांसाठी तो बेतला. सुरुवातीला त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या पाच भाषा घेतल्या. मराठी त्यांत नव्हती. मायला निदान तेलुगूतून तरी विचारता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं.

कारण शेवटच्या दोन वर्षांत मराठी तिच्या तोंडून गेली आणि बोधनची तेलुगू तेवढी राहिली. माझी बायको लातूरची. माय 'नीळ्ळू, नीळ्ळू' म्हणायची आणि ही बिचारी तिला कधी शाल द्यायची, कधी संडासाकडे न्यायची. पाणी हवंय हे मी घरी आल्यावर कळायचं. दोन भाषांमुळे मायला साडेचार वर्षं जास्त मिळाली का, ते मी सांगू शकत नाही. सरासरी एकट्या माणसाला लावता येत नाही. मात्र रुग्णाची लहानपणची भाषा कोणती, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहायला काय हरकत आहे?

आपल्या चौकटीतले दहाही प्रश्न वाचून, लिहून सोडवायचे होते. तिसऱ्या गल्लीतल्या एकानं ते ऐंशी वर्षांच्या आईला विचारले आणि सगळे चुकले म्हणून घाबरून माझ्याकडे आला. ती बाई मला तरी ठणठणीत दिसली. पुढच्या वर्षी असं काही छापाल, तर न वाचता येणाऱ्यांसाठी वेगळं छापा, किंवा छापूच नका.

बल्लभगढच्या चाचणीत 'एक वाक्य लिहा'च्या जागी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' एवढंच आहे. नातीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला मायचा शेवटचा श्रावण आठवला. अंथरुणावरून ती अचानक तेलुगूत म्हणाली होती, "आमच्या घरामागं कारखान्याची भिंत आहे आणि मळीचा वास येतो." ते घर सुटून साठाहून जास्त वर्षं झाली होती. नात म्हणाली, आबा, वाक्य पूर्ण आहे, याला एक गुण मिळतो.

– एक निवृत्त एसटी वाहक, देगलूर (जि. नांदेड)