निफाडहून पत्र: कांदा, गारपीट आणि तुझा विकासदर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "देश वाढतोय 8 टक्क्यांनी, आणि तुमचं शेतकऱ्यांचं रडगाणं काही संपत नाही." तेवढ्यात लाइट आली, मोटार चालू करायला पळालो. उत्तर सवडीने देतोय.

2023 चंच साल घे. ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. लाल कांद्याच्या लागवडी लांबल्या. कशीबशी पात वर आली तर 26 नोव्हेंबरला गारा. द्राक्षाचे मणी फुटलेले तू टीव्हीवर पाहिलेस. कांद्याचं कुणी दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं काही नसतं. गारेने पात मोडते, मोडल्या जागी पाणी शिरतं, मग करपा, म्हणजे बुरशीचा रोग. लांबून वावर हिरवंच दिसतं. उपटून बघावं तर कांदा लिंबाएवढा.

त्यातून वाचलेला माल बाजारात निघाला आणि 8 डिसेंबरला केंद्राने निर्यात बंद केली. 31 मार्चपर्यंत म्हणाले होते. उठली 4 मेला, तीही टनाला 550 डॉलर किमान दर आणि 40 टक्के शुल्काची वेसण घालूनच. लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही रे. उन्हाळ कांद्याचं वेगळं, तो चार-पाच महिने धरून ठेवता येतो. लाल काढला की विकायचा, नाहीतर कोंब फुटतात. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असतं. लासलगावला महिन्याभरात भाव निम्म्याहून खाली आले. पीकही कमी आणि भावही कमी! अर्थशास्त्र तू शिकलास, हे कुठल्या धड्यात बसतं ते कळव.

सरकारची अडचण मला कळत नाही असं नाही. तेव्हाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा 46 टक्क्यांच्या घरात होता. भाजीपाला चढला की महागाई चढते, मग रिझर्व्ह बँक व्याज उतरवायला धजत नाही. फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, 6.5 टक्क्यांवर अडकून होता. तुझ्या फ्लॅटचा हप्ता त्यालाच बांधलेला. म्हणजे आमच्याकडचा पाऊस तुझ्या पगारातून कापला जात होता, तुला पत्ता नव्हता. पण कांदा स्वस्त द्यायचा तर तिजोरीतून द्या ना. ऊनपावसाने मारलेल्यालाच पुन्हा भावात का मारता, एवढंच माझं म्हणणं.

गव्हाचंही तेच झालं. 2022 चा मार्च 122 वर्षांतला सगळ्यात तापलेला, पंजाब-हरियाणात ओंबीतच दाणा आवळला. सरकारी खरेदी 433 लाख टनांवरून 188 लाखांवर आली. 13 मेला निर्यात बंद.

बंदीचा चटका शेजाऱ्यालाही बसतो. 2019 मध्ये पावसाने कांदा गेला, सप्टेंबरअखेर आपण निर्यात थांबवली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर सभेत हसत हसत म्हणाल्या, स्वयंपाक्याला सांगितलंय, कांद्याशिवाय रांध. सभा हसली. ढाक्यातल्या हातावर पोट असलेल्याला हसू आलं नसेल.

तुझ्या 8 टक्क्यांचंही सांगतो. 2023-24 मध्ये देशातले जवळजवळ 46 टक्के कामकरी हात शेतीत होते, उत्पन्नातला वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. त्या हातांत पैसा नसला तर तुमची मोटारसायकल घेणार कोण? त्या वर्षी आमच्या गल्लीतला कापडवाला दिवाळीची उधारी होळीपर्यंत मागत फिरत होता.

यंदा लाल कांदा निम्म्यावर आणलाय, उरलेल्या वावरात मका टाकला. भाव बरा निघो वाईट निघो, मक्यावर रातोरात बंदी येईल ही धास्ती तरी नाही. भाऊबंदांतही बऱ्याच जणांनी हेच केलंय. तेव्हा डिसेंबरात कांदा महागला तर मला फोन करून ओरडू नकोस.

वहिनींना सांग, उन्हाळ कांद्याची गोणी पाठवतोय, गाडी तुमच्या बाजूला येणार आहे. आल्याबरोबर मोकळा पसरा, बटाट्याजवळ ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर नकोच.

तुझा,
दत्ता