कोपराला लावलेला गूळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला कोपरदुखीवरचा लेख वाचला. टेनिस एल्बोची, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याची, लक्षणं त्यात नेमकी दिली आहेत. उपचारांचं मात्र ‘आराम न पडल्यास इंजेक्शन’ एवढ्यावरच आटोपलं आहे. माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, म्हणून हे पत्र.

मी शिवणकाम करते. टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नाही (हे दुखणं असलेल्या बहुतेकांनी ती धरलेली नसतेच). जाड कापडाचे थर कापायचं एक मोठं काम महिनाभर चाललं. मग एका सकाळी पाण्याचा भरलेला जग उचलताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली, की जग हातातून सुटला. गंमत म्हणजे तोच जग तळवा वर करून उचलला तर फारसं दुखत नसे. मनगट मागे वळवणारे स्नायू ज्या टेंडनने (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीने) कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेले असतात, ते टेंडन दुखावलेलं असतं. तळवा खाली असला की भार त्याच्यावरच येतो. दुखणं आतल्या बाजूला असलं तर तो गोल्फर्स एल्बो. त्यात कधी कधी करंगळीला मुंग्याही येतात, कारण तिकडे जाणारी नस तिथूनच जाते.

पहिल्याच भेटीत मला स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं. आठवड्याभरात कोपर इतकं हलकं झालं की मी राहिलेलं सगळं काम उपसलं. दोन महिन्यांनी दुखणं परतलं, ते पहिल्यापेक्षा जास्त. दुसरं इंजेक्शन झालं, पुन्हा तेच. कोपराला गूळ लावणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

हे माझ्याच नशिबी आलं असं नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्षअखेरीस व्यायाम करणारेच काय, नुसती वाट पाहणारेही त्यांच्यापेक्षा बरे होते. कारण तसं सरळ आहे. जुन्या टेनिस एल्बोत सूज हा मुख्य प्रश्न नसतो. टेंडनचे तंतू झिजलेले आणि विस्कटलेले असतात. स्टेरॉइड वेदना दाबतं, तंतू नीट करत नाही. आणि वेदना नाही म्हणून आपण त्याच टेंडनला पुन्हा कामाला जुंपतो.

मला खरा उपयोग झाला तो फिजिओथेरपिस्टकडे. तिने पहिला प्रश्न विचारला, “कात्री कशी धरता, दाखवा.” काम बंद करायला तिने सांगितलं नाही. थर कमी घ्या, कात्रीला धार लावून घ्या, वस्तू तळवा वर करून उचला, एवढंच. कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा पट्टा दिला, तोही फक्त कामापुरता. आणि व्यायाम: हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्धा किलोचं वजन. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश, पाच आकडे मोजत खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर वजन कमी करायचं. पहिले तीन आठवडे काडीचा फरक नव्हता, आणि मी मनातल्या मनात तिला बरंच काही बोलून घेतलं. दहाव्या आठवड्यात जग एका हाताने उचलला.

ओळखीचे लोक मात्र “ऑपरेशन कधी?” हेच विचारत. सचिन तेंडुलकरच्या कोपरावर २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली. खरं तर टेनिस एल्बोचे बहुतेक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. सहा ते बारा महिने नेटाने उपचार करूनही सुटका न झालेल्या थोड्यांसाठीच तो विचार होतो. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचा हल्ली बोलबाला आहे, पण त्याबाबतचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. खिशात हात घालण्यापूर्वी तेवढं विचारून घ्यावं.

घाई करायची ती वेगळ्या ठिकाणी, आणि लेखात नेमकी तीच राहून गेली आहे. जड वस्तू उचलताना कोपराच्या पुढच्या बाजूला ‘फट्’ झालं, तिथे काळंनिळं पडलं, दंडाची बेटकुळी वर सरकल्यासारखी दिसली आणि स्क्रू पिळायला ताकद लागेना, तर बायसेप्सचं टेंडन तुटलेलं असू शकतं. अशा वेळी शेकत बसू नये. ते पुन्हा जोडायचं असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपं जातं, नंतर ते आखडून वर ओढलं जातं. तसंच कोपर लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुढच्या अंकात या दोन गोष्टी आणि त्या वजनाच्या व्यायामाचं एखादं चित्र छापता आलं तर पाहावं.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक